बॅच जॉब आणि टास्क लावताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डेटाबेसवर चालणारं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. बॅच जॉब म्हणजे ठरल्या वेळी, कोणी समोर बसलेलं नसताना आपोआप चालणारं काम. सॉफ्टवेअर जमाखर्चाचं असो, साठ्याचं, पगाराचं किंवा नोंदणीचं. शेड्यूल भरायला पाच मिनिटं पुरतात. जॉबचा कस लागतो तो मध्यरात्री अर्ध्यावर पडल्यावर. म्हणून इथली बहुतेक उत्तरं एका कसोटीकडे वळतात: ज्याने हा जॉब लिहिलेला नाही, त्या माणसाला तो न घाबरता पुन्हा चालवता येईल का?

जॉब आणि टास्क यांत फरक काय?

जॉब म्हणजे एकत्र बांधलेलं काम. ते कधी सुरू होणार, कोणाच्या खात्यावरून, कोणते पॅरामीटर घेऊन, आणि बिघडलं तर कोणाला कळवायचं हे जॉबवर ठरतं. टास्क म्हणजे त्यातला एक टप्पा, ज्याचं यशापयश स्वतंत्र नोंदवता येतं: फाइल आत घेणं, ती तपासणं, नोंदी टाकणं, अहवाल काढणं. नावं उत्पादनागणिक बदलतात. मायक्रोसॉफ्टच्या डायनॅमिक्स या व्यवसाय-सॉफ्टवेअरमध्ये बॅच जॉब आणि बॅच टास्क अशीच जोडी आहे. एसक्यूएल सर्व्हर एजंटमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी जॉब सुरू करणाऱ्या त्याच्या शेड्युलरमध्ये, टप्प्याला स्टेप म्हणतात, तर ओरॅकलच्या शेड्युलरमध्ये टप्पे एकमेकांना जोडायचे असतील तर चेन बांधावी लागते.

कोणतं काम बॅचमध्ये टाकावं?

ज्याच्या उत्तराची कोणी स्क्रीनसमोर बसून वाट पाहत नाही ते. व्याज आकारणी, महिनाअखेरचं बंद, जुन्या नोंदींची सफाई, दुसऱ्या प्रणालीकडून येणाऱ्या फाइली, मोठे अहवाल. वापरकर्त्याला पुढची पायरी त्याच क्षणी टाकायची असेल तर ते काम बॅचमध्ये ढकलू नका.

आमच्या डेटाबेसमध्ये शेड्युलर आधीच असतो का?

हे उत्पादनावर अवलंबून आहे, आणि इथेच बरेच जण अडखळतात.

एसक्यूएल सर्व्हरबरोबर एजंट येतो, पण एक्सप्रेस आवृत्तीत तो नाही. तिथे विंडोजचा टास्क शेड्युलर वापरावा लागतो. एजंट ही वेगळी सेवा आहे, त्यामुळे डेटाबेस व्यवस्थित सुरू असूनही एजंट बंद असू शकतो. त्या काळात हुकलेली वेळ तो नंतर स्वतःहून भरून काढत नाही.

ओरॅकलमध्ये १०जी आवृत्तीपासून डीबीएमएस शेड्युलर आहे. त्यात तयार केलेला जॉब मुळात निष्क्रिय असतो आणि तो मुद्दाम सक्रिय करावा लागतो. 'जॉब बनवला पण चालत नाही' ही तक्रार आली की आधी हे पाहा.

मायएसक्यूएलमध्ये इव्हेंट शेड्युलर आहे. ८.० पासून तो मुळातच चालू असतो, त्याआधीच्या आवृत्त्यांमध्ये बंद असायचा. जुन्या सर्व्हरवर इव्हेंट लिहून ठेवलेत आणि एकही चालत नाही, यामागे बहुतेक वेळा हेच कारण सापडतं. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: एकदाच चालायचा इव्हेंट काम झाल्यावर आपोआप काढून टाकला जातो. तो मागे राहायला हवा असेल तर तसं लिहून सांगावं लागतं.

पोस्टग्रेसच्या गाभ्यात शेड्युलर नाही. पीजी क्रॉन हे एक्स्टेन्शन किंवा पीजी एजंट जोडून घ्यावं लागतं. नाहीतर ऑपरेटिंग सिस्टीमचा शेड्युलर क्रॉन आहेच.

माझं मत विचाराल तर काम एकाच डेटाबेसच्या आत सुरू होऊन तिथेच संपत असेल तर डेटाबेसचाच शेड्युलर घ्या. फाइली, ईमेल, दुसरे सर्व्हर असं काही मध्ये आलं की बाहेरचा शेड्युलर सांभाळायला सोपा जातो.

टास्क किती पाडावेत आणि एकमेकांना कसे जोडावेत?

एक टास्क पडला तर फक्त तेवढाच पुन्हा चालवता यावा, इतक्या आकाराचे टास्क पाडा. आयात, तपासणी आणि नोंद एकाच टास्कमध्ये कोंबली तर तपासणी अडल्यावर आयातही पुन्हा करावी लागते. उलट प्रत्येक क्वेरीचा वेगळा टास्क केला तर कुठे काय बिघडलं हे शोधण्यातच वेळ जातो.

जोडणीत सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे अवलंबित्वाचं काम घड्याळाला देणं. एक वाजता आयात, दोन वाजता हिशेब. आयात नेहमी वीस मिनिटांत होते, म्हणून तास पुष्कळ झाला असं वाटतं. पुढे डेटा वाढतो, एक दिवस आयात तासाहून जास्त चालते, आणि हिशेब अर्ध्याच नोंदींवर होतो. कोणताही एरर येत नाही. आकडे चुकलेत हे कोणाच्या लक्षात येईपर्यंत त्या आकड्यांवर आणखी चार अहवाल निघालेले असतात. दुसरा टास्क पहिल्याच्या यशावर बांधा, वेळेवर बांधू नका. दोन वेगळ्या प्रणाल्या असल्यामुळे थेट बांधता येत नसेल, तर पहिल्याने शेवटी 'या तारखेची आयात पूर्ण' अशी नोंद एका टेबलात टाकावी आणि दुसऱ्याने ती पाहिल्याशिवाय हात लावू नये.

उत्पादनाचा मूळ स्वभावही माहीत असू द्या. एसक्यूएल सर्व्हर एजंटच्या स्टेप्स एकापाठोपाठ एक चालतात. डायनॅमिक्समध्ये टास्कवर अट घातली नाही तर ते एकाच वेळी सुटू शकतात. यादीत वरखाली दिसले म्हणून त्याच क्रमाने चालतील असं धरू नका. तिथे अट घालताना आधीचा टास्क यशस्वी संपल्यावर, चुकल्यावर, की दोन्ही परिस्थितींत पुढे जायचं हे निवडता येतं. सफाईचे आणि कळवण्याचे टास्क 'दोन्ही'वर ठेवावेत. टास्कचं अपयश दुर्लक्षित करण्याची खूणही असते. ज्याच्या निकालावर पुढे काहीच अवलंबून नाही, अशाच टास्कला ती लावा.

कोणती वेळ निवडावी?

रात्री बारा आणि बरोबर तासाचे ठोके टाळा. सगळेच तिथे जॉब लावतात आणि बॅकअपही बहुधा त्याच सुमारास सुरू होतो. एक वाजून सतरा मिनिटं ही वेळही तितकीच चांगली आहे.

ज्या देशांत उन्हाळ्यात घड्याळं पुढे करतात, तिथे वर्षातून एकदा पहाटेचा एक तास गायब होतो आणि एकदा तोच तास दोनदा येतो. त्या तासात लावलेला जॉब हुकू शकतो किंवा दोनदा चालू शकतो. सर्व्हरची वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर ठेवली की हा गुंता सुटतो, फक्त शेड्यूल लिहिताना रूपांतर डोक्यात ठेवावं लागतं. पीजी क्रॉन तर मुळातच जीएमटी धरून चालतो. तुमच्या घड्याळाप्रमाणे लिहिलेली वेळ भलत्याच तासाला उगवली, तर कारण हे असतं.

क्रॉनच्या पाच घरांबद्दल एक इशारा. घरं अशी: मिनिट, तास, महिन्यातली तारीख, महिना, वार. तारीख आणि वार दोन्ही घरं भरली, तर दोन्ही जुळायला हवेत असं वाटतं. प्रत्यक्षात दोहोंपैकी एक जुळलं तरी क्रॉन जॉब सोडतो. 'महिन्याची पहिली तारीख सोमवारी आली तरच' असा अर्थ मनात धरून लिहिलेला जॉब दर सोमवारी आणि शिवाय दर पहिल्या तारखेला चालेल. असा नियम हवा असेल तर एक घर मोकळं ठेवा आणि दुसरी अट जॉबच्या आत तपासा.

आधीचा जॉब संपायच्या आत पुढची वेळ आली तर?

एसक्यूएल सर्व्हर एजंट तोच जॉब चालू असताना त्याची दुसरी प्रत सुरू करत नाही. पीजी क्रॉन दुसरी फेरी थांबवून ठेवतो आणि पहिली संपली की सोडतो. मायएसक्यूएलचा इव्हेंट मात्र आधीचा चालू असला तरी पुढचा सुरू करतो. साधा क्रॉनही तसाच वागतो.

म्हणून जॉबने सुरुवातीलाच नाव दिलेला एक लॉक (एका वेळी एकालाच मिळणारं कुलूप) घ्यावा आणि तो मिळाला नाही तर नोंद करून बाहेर पडावं. मायएसक्यूएलमध्ये त्यासाठी गेट लॉक हे फंक्शन आहे, पोस्टग्रेसमध्ये अ‍ॅडव्हायझरी लॉक, एसक्यूएल सर्व्हरमध्ये अ‍ॅपलॉक. टेबलात 'चालू आहे' असा झेंडा लावण्यापेक्षा हे बरं, कारण कनेक्शन तुटलं की सेशनवर घेतलेला लॉक आपोआप सुटतो. टेबलातला झेंडा मात्र जॉब मध्येच मेला तर तसाच फडकत राहतो आणि पुढच्या सगळ्या फेऱ्या अडवतो.

लाखो रेकॉर्ड एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (एक तर पूर्ण होणाऱ्या किंवा पूर्ण रद्द होणाऱ्या बदलांच्या गटात) करावेत की तुकड्यांत?

तुकड्यांत. अपवाद एकच: सगळं झालं तरच अर्थ आहे, अर्धं झालेलं कोणाला दिसताच कामा नये, अशी कामं. तिथेही जड काम आधी एका तात्पुरत्या टेबलात करून शेवटची अदलाबदल तेवढी छोट्या ट्रान्झॅक्शनमध्ये करता येते का ते पाहा.

कारणं ठोस आहेत. एसक्यूएल सर्व्हरमध्ये एका स्टेटमेंटने एका टेबलावर साधारण ५,००० लॉक घेतले की इंजिन त्यांच्याऐवजी अख्ख्या टेबलावर एकच लॉक घेऊ पाहतं. मग दिवसाच्या वापरकर्त्यांचे स्क्रीन अडकतात. पोस्टग्रेसमध्ये लांबलेलं ट्रान्झॅक्शन व्हॅक्युमला, म्हणजे सफाईच्या प्रक्रियेला, मेलेल्या ओळी उचलू देत नाही आणि टेबल फुगत जातं. एसक्यूएल सर्व्हरचा लॉगही ट्रान्झॅक्शन संपेपर्यंत मोकळा होत नाही. आणि दोन तास चाललेलं काम शेवटी पडलं तर रोलबॅकलाही, म्हणजे केलेले बदल मागे घ्यायलाही, वेळ लागतो, त्या वेळात तुम्ही फक्त बघत बसता.

उलट टोकही वाईट. प्रत्येक रेकॉर्डला कमिट केला, म्हणजे बदल लगेच कायम केला, तर प्रत्येक वेळी डिस्कवर लिहिलं जाण्याची वाट पाहावी लागते. एक ते चार हजार रेकॉर्डचा तुकडा ही सुरुवात म्हणून ठीक आहे. नंतर मोजून ठरवा.

तुकडे पाडताना ऑफसेट (सुरुवातीच्या इतक्या ओळी सोडून पुढच्या द्या असं सांगणं) वापरू नका. प्रक्रिया न झालेले पहिले हजार घेतले, त्यांना 'झालं' अशी खूण केली, मग ऑफसेट हजार देऊन पुढचे मागितले. पण खूण झालेले आता यादीतून गेले आहेत, म्हणजे आणखी हजार न पाहताच ओलांडले जातात. जॉब बिनतक्रार संपतो आणि निम्मे रेकॉर्ड तसेच राहतात. त्याऐवजी शेवटची प्रायमरी की (ओळीची एकमेव ओळख) लक्षात ठेवा आणि 'हिच्यापेक्षा मोठ्या, क्रमाने, पुढच्या हजार' असं मागा. इंडेक्स असल्याने हे शेवटच्या तुकड्यालाही पहिल्याइतकंच वेगवान राहतं. ती शेवटची की एका टेबलात लिहून ठेवा, आणि तुकड्याचं काम व ही नोंद एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये कमिट करा. दोन वेगळे कमिट केले तर मधल्या फटीत वीज गेली की तोच तुकडा दोनदा होईल.

जॉब मध्येच पडला. तसाच पुन्हा चालवू का?

या प्रश्नाचं उत्तर जॉब लिहितानाच तयार हवं. रात्री तीन वाजता विचार करण्याची ही गोष्ट नाही.

पहिली सवय: जॉबने 'आजची तारीख' स्वतः विचारू नये. कामकाजाची तारीख पॅरामीटर म्हणून घ्यावी. काल रात्रीचा जॉब आज सकाळी पुन्हा चालवताना कालच्याच नोंदी व्हायला हव्यात. कोडमध्ये आजची तारीख घेतली असेल तर ते शक्यच नसतं.

दुसरी: त्याच तारखेसाठी पुन्हा चालवला तर निकाल तोच यावा. अहवालाच्या टेबलात भर घालण्याऐवजी त्या तारखेच्या ओळी काढून नव्याने टाका, दोन्ही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये. शिल्लक रकमेत 'अधिक शंभर' करणाऱ्या अपडेटपेक्षा व्यवहाराची स्वतंत्र ओळ टाका आणि तिच्यावर युनिक की ठेवा. मग दुसऱ्या वेळी डेटाबेसच नको म्हणेल. असेल तर बदल, नसेल तर टाक, हे एकाच स्टेटमेंटमध्ये करण्याची सोय मर्जच्या रूपाने ओरॅकल आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये आहे. मायएसक्यूएलमध्ये ती ऑन डुप्लिकेट कीने होते. पोस्टग्रेसमध्ये ऑन कॉन्फ्लिक्ट २०१६ साली ९.५ आवृत्तीत आलं आणि मर्ज २०२२ साली १५ व्या.

तिसरी सवय सगळ्यात जास्त विसरली जाते: डेटाबेसच्या बाहेर गेलेली गोष्ट रोलबॅक होत नाही. ईमेल, एसएमएस, बँकेकडे पाठवलेली फाइल. हे टास्क हिशेबाच्या टास्कपासून वेगळे ठेवा. काय पाठवायचं आहे ते आधी टेबलात लिहा, पाठवणारा टास्क तिथून उचलेल आणि पाठवल्याची खूण करेल. पाठवणं आणि खूण करणं यांच्या मधे जॉब पडला तर एखादा संदेश दोनदा जाऊ शकतो, म्हणून संदेशाला कायमचा क्रमांक द्या. समोरच्या प्रणालीला त्यावरून दुसरी प्रत ओळखून टाकता येते. पैशांच्या फाइलीसाठी तर याला पर्याय नाही.

आपोआप रिट्राय किती वेळा?

चूक कोणत्या जातीची यावर. डेडलॉक (दोन कामं एकमेकांच्या लॉकची वाट पाहत अडकणं), तुटलेलं कनेक्शन, टाइमआउट या वेळेपुरत्या अडचणी आहेत. तीनदा, दर वेळी आधीपेक्षा जास्त थांबून, पुन्हा करून पाहणं रास्त आहे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये १२०५ आणि मायएसक्यूएलमध्ये १२१३ हे डेडलॉकचे एरर क्रमांक आहेत. फक्त अशा वेळेपुरत्या चुकांनाच रिट्राय द्या. शून्याने भागाकार किंवा चुकीची तारीख शंभरदा केली तरी सुधारणार नाही. आणि पुन्हा चालवायला सुरक्षित नसलेल्या टास्कला आपोआप रिट्राय लावू नका.

एक रेकॉर्ड खराब निघाला म्हणून अख्खा जॉब थांबवायचा का?

पत्ते स्वच्छ करणारा जॉब असेल तर खराब रेकॉर्ड कारणासकट वेगळ्या टेबलात टाका आणि पुढे जा. खतावणीचा जॉब असेल तर थांबा. बेरजा जुळायलाच हव्यात अशा कामात एक ओळ वगळणं म्हणजे चुकीचं उत्तर देणं. वगळत असाल तर मर्यादा ठेवा: ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त ओळी बाद झाल्या तर फाइलच बिघडलेली आहे असं समजून जॉब पाडा.

जॉब 'यशस्वी' दाखवतो, पण काम झालेलं नाही. असं कसं?

शेड्युलर फक्त एक्झिट कोड, म्हणजे काम संपताना परत आलेला आकडा, पाहतो. शून्य आला की त्याच्या लेखी सगळं ठीक. आणि डेटाबेसची बरीच कमांड साधनं एरर आला तरी, वेगळं सांगितल्याशिवाय, शून्यच परत देतात. पोस्टग्रेसचा पीएसक्यूएल स्क्रिप्टमधली एक ओळ चुकली तरी पुढची चालवत राहतो. त्यासाठी ऑन एरर स्टॉप चालू करावं लागतं. ओरॅकलच्या एसक्यूएल प्लसमध्ये व्हेनेव्हर एसक्यूएल एरर लिहावं लागतं, तर एसक्यूएल सर्व्हरच्या एसक्यूएलसीएमडीला बी हा पर्याय द्यावा लागतो. बॅश शेलमध्ये पाइपने जोडलेल्या कमांडांपैकी फक्त शेवटच्या कमांडचा कोड मिळतो, म्हणून पाइपफेल लावा. बॅकअपची कमांड पडली आणि तिच्यापुढची फाइल दाबणारी कमांड नीट चालली, तर जॉब हिरवा आणि बॅकअप रिकामा.

यावर आणखी एक उपाय म्हणजे शेवटी तपासणीचा टास्क. किती ओळी आल्या, किती गेल्या, किती बाद झाल्या, बेरीज जुळते का. जुळली नाही तर त्याने स्वतः जॉब पाडावा.

हाताने चालवला तर चालतो, शेड्युलरमधून चालत नाही.

कारण तो तुमच्या नावाने चालत नाही. शेड्युलरचं खातं वेगळं असतं. क्रॉनमध्ये पाथ (कमांड शोधायच्या जागांची यादी) अगदी तोकडा असतो, म्हणून कमांडचा पूर्ण मार्ग लिहा. विंडोजवर तुम्ही जोडलेलं झेड ड्राइव्ह सेवेच्या खात्याला दिसत नाही, तिथे सर्व्हरच्या नावासकट नेटवर्कचा पूर्ण मार्ग द्या. तारखेचं स्वरूपही खात्याच्या भाषेनुसार बदलू शकतं: तुमच्याकडे ३ एप्रिल असलेली तारीख तिथे ४ मार्च वाचली जाते. कोडमध्ये वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने तारखा लिहा.

जॉब कोणाच्या खात्याने चालवावा?

त्यासाठीच उघडलेल्या सेवा-खात्याने, लागतील तेवढेच हक्क देऊन. माणसाच्या नावावर जॉब ठेवला की तो माणूस नोकरी सोडतो, खातं बंद होतं आणि जॉब पडायला लागतात. पासवर्ड स्क्रिप्टमध्ये लिहू नका.

जॉब सुरूच झाला नाही, हे कसं कळणार?

अपयशाचा ईमेल जॉब चालला तरच येतो. सेवा बंद असेल किंवा शेड्यूल चुकून निष्क्रिय झालं असेल तर सगळं शांत असतं. म्हणून प्रत्येक फेरीने शेवटी वेळेची नोंद करावी, आणि ती ठरल्या वेळेत आली नाही तर ओरडणारी व्यवस्था दुसऱ्या यंत्रावर असावी. यशाचे ईमेल रोज पाठवू नका, काही दिवसांत ते कोणी उघडत नाही.

शेड्युलरच्या स्वतःच्या इतिहासावर विसंबू नका. एसक्यूएल सर्व्हर एजंट मुळात एकूण १,००० ओळी आणि एका जॉबच्या १०० ओळी एवढाच इतिहास ठेवतो. दर मिनिटाला चालणारा जॉब आपला कालचा पुरावा आजच पुसून टाकतो. स्वतःचं लॉग टेबल करा: कामकाजाची तारीख, सुरुवात, शेवट, ओळींची संख्या, एररचा पूर्ण मजकूर. तीन महिन्यांनी हेच टेबल जॉब हळूहळू मंदावतोय हे दाखवेल.

टास्क समांतर चालवून वेळ वाचेल का?

डिस्क किंवा एकाच टेबलावरचे लॉक अडथळा असतील तर नाही. असतील नसतील ते पाहून मग वाटणी करा. अनेक समांतर टास्क एकाच रांगेतून काम उचलत असतील तर स्किप लॉक्ड वापरा. पोस्टग्रेस, ओरॅकल आणि मायएसक्यूएल ८.० मध्ये ते आहे, एसक्यूएल सर्व्हरमध्ये त्या जागी रीडपास्ट. दुसऱ्याने धरलेली ओळ सोडून प्रत्येक जण पुढची घेतो.

चाचणीच्या सर्व्हरवर डेटाबेसची प्रत आणली तर जॉबही येतात का?

हे आधीच माहीत हवं, नाहीतर चाचणीच्या सर्व्हरवरून खऱ्या ग्राहकांना ईमेल जातात. एसक्यूएल सर्व्हरमध्ये जॉब एमएसडीबी या वेगळ्या डेटाबेसात राहतात, म्हणून तुमच्या डेटाबेसचा बॅकअप उतरवला तरी ते येत नाहीत. मायएसक्यूएलच्या डंपमध्ये इव्हेंट वेगळे मागितले तरच येतात. डायनॅमिक्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये बॅच जॉब डेटाबेसातल्या टेबलांतच असतात आणि प्रतीबरोबर चालत येतात. प्रत उतरवल्याबरोबर, बॅच सेवा सुरू करण्याआधी, सगळे जॉब थांबवा आणि ईमेलचे पत्ते बदला. जॉबची व्याख्या स्क्रिप्ट म्हणून कोडच्या भांडारात ठेवा, म्हणजे सर्व्हर नव्याने उभा करताना काही हरवणार नाही.

जुना जॉब काढून टाकायचा आहे. कसा?

आधी निष्क्रिय करा आणि एक पूर्ण चक्र जाऊ द्या. त्यात महिनाअखेर यायला हवी, आणि जॉब हिशेबाचा असेल तर वर्षअखेरही. त्याच्या टेबलांमधून कोण वाचतं ते क्वेरीच्या नोंदींवरून तपासा, कारण कोणीतरी दुसरा विभाग तिथून गुपचूप आकडे उचलत असतो. मग व्याख्येची स्क्रिप्ट जपून ठेवून जॉब काढा, आणि त्याच दिवशी त्याच्या सेवा-खात्याचे हक्कही काढून घ्या.